ग्रुप पॉलिसी लागू होत नाही तेव्हा: कार्यालयातील संगणकाची पायरीपायरीने तपासणी

मुख्य कार्यालयातून निरोप येतो की आजपासून सर्व संगणकांवर पेन ड्राइव्ह बंद केला आहे, आणि शाखेतल्या तिसऱ्या टेबलावरच्या संगणकात तो खुशाल चालत असतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पतसंस्था, आंबा प्रक्रिया कारखाने, मच्छीमारांच्या सहकारी सोसायट्या, महाविद्यालये अशा ठिकाणी संगणक सांभाळणाऱ्या माणसावर हा प्रसंग कधी ना कधी येतोच, आणि हे काम बहुधा आपले रोजचे काम सांभाळून संगणकही पाहणाऱ्या लेखनिकाकडे किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडे असते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विंडोजच्या डोमेनमध्ये, म्हणजे सर्व्हरवरून एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या संगणकांच्या समूहात, असलेल्या एखाद्या संगणकावर सर्व्हरवरून ठरवलेली धोरणे, म्हणजेच ग्रुप पॉलिसी, लागू होत नसतील तर कोठून सुरुवात करायची, काय पाहायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक आग्रह धरतो. सर्व्हरवरच्या धोरणात बदल करून पाहण्याचा मोह टाळा. दहा संगणकांवर नीट चाललेले धोरण अकराव्यासाठी बदलले तर अकरावा सुधारेलच असे नाही, पण आधीचे दहा बिघडण्याची शक्यता मात्र नक्की असते. आधी हे धोरण वाटेत नेमके कोठे अडले ते शोधा. ही वाट चार टप्प्यांची आहे: संगणकाला डोमेन कंट्रोलर (डोमेन सांभाळणारा सर्व्हर) सापडला पाहिजे, त्याला धोरणाच्या फाइली वाचता आल्या पाहिजेत, ते धोरण याच संगणकासाठी किंवा याच वापरकर्त्यासाठी आहे असे ठरले पाहिजे, आणि शेवटी दुसऱ्या एखाद्या धोरणाने त्यावर मात केलेली नसली पाहिजे. पुढच्या साऱ्या पायऱ्या याच क्रमाने जातात.

कामाला लागण्यापूर्वी काय माहीत हवे

प्रत्येक धोरणाचे दोन भाग असतात. एक भाग संगणकाचा. तो यंत्र सुरू होताना लागू होतो, मग त्यावर कोणीही बसो. दुसरा भाग वापरकर्त्याचा. तो लॉगिन करताना लागू होतो, मग ती व्यक्ती कोणत्याही यंत्रावर बसो. त्यानंतर दर ९० मिनिटांनी, आणि सगळे संगणक एकाच वेळी सर्व्हरवर तुटून पडू नयेत म्हणून त्यात ० ते ३० मिनिटांची भर घालून, संगणक स्वतःच सर्व्हरकडे नवीन काही आहे का अशी विचारणा करतो. म्हणून सकाळी साडेदहाला केलेला बदल पावणेअकराला दिसला नाही, तर तो बिघाड समजू नये. तसेच विंडोजची होम आवृत्ती डोमेनमध्ये सामीलच होऊ शकत नाही. स्वस्तात मिळाला म्हणून घरगुती वापराचा लॅपटॉप कार्यालयासाठी घेतलेला असेल, तर पुढचे काही वाचण्यापूर्वी ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन त्याची आवृत्ती पाहून घ्यावी.

या लेखात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टंकण्याच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांत, नाव सलग आणि तिरक्या रेघेच्या आधी एक जागा सोडून टंकाव्यात.

पहिली पायरी: एकदा मागणी करा आणि खरोखर रीस्टार्ट करा

कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘जीपीअपडेट /फोर्स’ ही आज्ञा द्या. एरवी संगणक फक्त बदललेली धोरणे आणतो. या आज्ञेने तो सगळी धोरणे पुन्हा लावतो. संगणक-धोरण आणि वापरकर्ता-धोरण अशा दोन्हींसाठी यशाची स्वतंत्र ओळ आली का ते वाचा. एक आली आणि दुसरी आली नाही, तर शोध तेथेच अर्धा होतो.

काही धोरणे, उदाहरणार्थ सॉफ्टवेअर बसवणे किंवा सुरू होतानाच्या स्क्रिप्ट, यंत्र सुरू होतानाच लागू होतात. येथे एक गफलत फार जणांची होते. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर यंत्र पूर्ण बंद होत नाही. त्याचा गाभा निद्रिस्त अवस्थेत जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच जागा होतो. त्यामुळे “साहेब, मी काल रात्री बंद करून आज सकाळी चालू केला” हे उत्तर पुरेसे नसते. मेनूमधून ‘रीस्टार्ट’ निवडूनच पाहावे. एखाद्या संगणकाला सर्व्हरवरच्या नवीन गटात घातले असेल, तर तेही त्याला रीस्टार्ट झाल्यावरच कळते.

दुसरी पायरी: वायर, वीज आणि सुरू होण्याचा क्रम

आपल्या किनारपट्टीवर ही पायरी मी कधीच वगळत नाही. जून ते सप्टेंबर लाइट जाणे-येणे चालूच असते, आणि लाइट आल्यावर कोणते यंत्र आधी उठते यावर बरेच काही अवलंबून असते. एसएसडी असलेला संगणक अर्ध्या मिनिटात लॉगिनच्या पडद्यापर्यंत पोहोचतो, पण कपाटावर ठेवलेला नेटवर्कचा स्विच (ज्यात सगळ्या संगणकांच्या वायरी येतात) आणि फायबरचा डबा यांना तयार व्हायला त्याहून अधिक वेळ लागतो. संगणक धोरण मागायला जातो तेव्हा वाटच उघडलेली नसते. थोड्या वेळाने नेट सुरू होते, कर्मचारी कामाला लागतो आणि दुपारी धोरण लागलेले नाही म्हणून तक्रार येते तेव्हा सगळे काही सुरळीत दिसते.

लॉगिन झाले म्हणजे सर्व्हर सापडला, असे समजू नका. डोमेन कंट्रोलरशी संपर्क नसतानाही विंडोज पूर्वीच्या लॉगिनची यंत्रात जपलेली नोंद वापरून आत घेते. मूळ मांडणीप्रमाणे अशा १० नोंदी जपलेल्या असतात. खरा पुरावा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत, मिळतो. ‘विंडोज लॉग्ज’मधील ‘सिस्टिम’ उघडा आणि ज्यांचा स्रोत ग्रुप पॉलिसी आहे अशा नोंदी पाहा. ११२९ क्रमांकाची नोंद असेल, तर डोमेन कंट्रोलरपर्यंत नेटवर्क पोहोचले नव्हते, असे संगणक स्वतःच सांगत आहे. तिची वेळ आणि लाइट आल्याची वेळ जुळते का ते पाहा.

यावर पहिला उपाय साधा आहे: यूपीएस फक्त संगणकाला न देता स्विच आणि राउटरलाही द्यावा. दुसरा उपाय सर्व्हरवरचा आहे. ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क अ‍ॅट कम्प्युटर स्टार्टअप अँड लॉगऑन’ या नावाचे धोरण चालू केले, की संगणक नेटवर्कची वाट पाहून मगच पुढे जातो. लॉगिनला थोडा वेळ जास्त लागतो, पण सॉफ्टवेअर बसवणे किंवा फोल्डर सर्व्हरवर वळवणे यांसारखी धोरणे, जी एरवी दुसऱ्या किंवा तिसऱ्या लॉगिनला लागतात, ती पहिल्याच वेळी लागतात.

वायरही हाताने काढून पाहावी. समुद्राजवळच्या कार्यालयांत खारी दमट हवा प्लगच्या तांब्याच्या पट्ट्यांवर काम करत असते. वेंगुर्ल्याच्या बाजूला एका कार्यालयात मी खिडकीलगतच्या टेबलाची वायर काढली, तर प्लगच्या आठ पट्ट्यांपैकी दोन हिरवट पडल्या होत्या. स्विचचा दिवा लागत होता, पण वाऱ्याने पडदा हलून वायरीला धक्का बसला की जोडणी क्षणभर तुटत होती. नवीन प्लग लावल्यावर त्या टेबलाची तक्रार पुन्हा आली नाही.

तिसरी पायरी: डीएनएस

एक संगणक सोडून बाकी सगळे नीट चालत असतील, तर माझा पहिला संशय डीएनएसवर असतो. डोमेनमधला संगणक डोमेन कंट्रोलरचा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारूनच शोधतो, आणि हे उत्तर फक्त कार्यालयातल्या सर्व्हरवरच्या डीएनएसकडे असते. बाहेरच्या सार्वजनिक डीएनएसला आपल्या अंतर्गत डोमेनची माहिती असण्याचे कारणच नाही.

देवगड तालुक्यातल्या एका आंबा प्रक्रिया कारखान्यात ऐन मे महिन्यात माल रवाना करणाऱ्या टेबलावर लेबलचा प्रिंटर दिसेना. तो प्रिंटर ग्रुप पॉलिसीने येत असे. इंटरनेट व्यवस्थित, मेल व्यवस्थित, लॉगिनही व्यवस्थित. बाहेर टेंपो उभे, पेट्या भरून तयार, आणि प्रत्येक जण प्रिंटरकडे पाहत होता. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ ही आज्ञा दिली तेव्हा डीएनएसच्या ओळीत ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक डीएनएस, दिसला. आठवड्यापूर्वी नेट दुरुस्त करायला आलेल्या कोणीतरी ते चांगल्या हेतूने भरून ठेवले होते. ‘एनएसलुकअप’ आज्ञेपुढे डोमेनचे नाव दिले, तर असे डोमेन अस्तित्वात नाही असे उत्तर आले. तेथे सर्व्हरचा पत्ता भरला, ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’ देऊन जुनी उत्तरे पुसली, रीस्टार्ट केले आणि प्रिंटर आला.

म्हणून ‘एनएसलुकअप’ने डोमेनच्या नावावर आपल्याच सर्व्हरचा पत्ता मिळतो का, आणि ‘एनएलटेस्ट /डीएसगेटडीसी:’ यापुढे डोमेनचे नाव जोडून दिल्यावर डोमेन कंट्रोलरचे नाव येते का, हे दोन्ही तपासा. आणखी एक सूचना अगदी कळकळीने करतो. पहिला डीएनएस सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८, अशी तडजोडही करू नका. पहिल्याने एकदा उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडे वळते आणि बराच काळ तिकडेच विचारत राहते. मग बिघाड कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि शोधणाऱ्याची दमछाक होते. बाहेरच्या नावांसाठी सार्वजनिक डीएनएस हवाच असेल, तर तो सर्व्हरवरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (स्वतःला माहीत नसलेली नावे ज्याला विचारायची तो) म्हणून भरावा, संगणकांवर नव्हे.

चौथी पायरी: घड्याळ

डोमेनमध्ये ओळख पटवण्यासाठी कर्बेरॉस नावाची पद्धत वापरली जाते, आणि मूळ मांडणीत ती संगणक व सर्व्हर यांच्या घड्याळांत फक्त ५ मिनिटांचा फरक खपवून घेते. जुन्या यंत्रांच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असेल, तर लाइट गेल्यावर तारीख कित्येक वर्षे मागे जाते. प्लग काढून पुन्हा लावल्यावर तारीख चुकत असेल, तर सेल बदला. तात्पुरते ‘डब्ल्यू३२टीएम /रीसिंक’ देऊन घड्याळ सर्व्हरशी जुळवता येते. टाइम झोनही पाहावा: पडद्यावरची वेळ बरोबर दिसते, पण झोन भारताचा नसतो, आणि मग आतला हिशेब काही तासांनी चुकतो.

पाचवी पायरी: धोरणाच्या फाइली वाचता येतात का

धोरणाची नोंद अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे डोमेनमधल्या खात्यांच्या व संगणकांच्या नोंदवहीत, असते, पण त्याच्या फाइली डोमेन कंट्रोलरवरच्या सिसव्हॉल या सामायिक फोल्डरमध्ये असतात. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा, डोमेनचे पूर्ण नाव, एक उलटी तिरकी रेघ आणि सिसव्हॉल असे टंकून पाहा. आत ‘पॉलिसीज’ फोल्डर दिसले पाहिजे आणि त्यातल्या लांबलचक क्रमांकांच्या फोल्डरांत ‘जीपीटी.आयएनआय’ नावाची छोटी फाइल उघडता आली पाहिजे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०५८ ही नोंद असेल, तर हीच फाइल वाचता आलेली नाही. एकाहून अधिक डोमेन कंट्रोलर असतील आणि एकावर फोल्डर आहे, दुसऱ्यावर नाही, असे दिसले, तर दोष संगणकाचा नसून सर्व्हरांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीचा आहे. ते काम सर्व्हर सांभाळणाऱ्याकडे सोपवा.

सहावी पायरी: अहवाल काढा आणि शांतपणे वाचा

येथवर सगळे ठीक निघाले असेल, तर धोरण संगणकापर्यंत पोहोचते आहे, पण लागू होत नाही. याचे उत्तर ‘जीपीरिझल्ट’ देते. ‘जीपीरिझल्ट /आर’ दिल्यास थोडक्यात यादी मिळते. ‘/एच’ देऊन पुढे फाइलचे नाव दिल्यास ब्राउझरमध्ये उघडणारा सविस्तर अहवाल मिळतो.

नवख्या माणसाची येथे एक हमखास अडचण होते. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही आज्ञा दिली, तर फक्त वापरकर्त्याचा भाग दिसतो आणि संगणकाचे धोरण आलेच नाही असा समज होतो. म्हणून कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडावा लागतो. पण तेथे प्रशासकाचे वेगळे खाते वापरले आणि त्या खात्याने या यंत्रावर पूर्वी कधीच लॉगिन केलेले नसेल, तर त्या वापरकर्त्याची माहिती उपलब्ध नाही असा संदेश येतो. अशा वेळी आज्ञेत ‘/स्कोप कम्प्युटर’ जोडून फक्त संगणकाचा भाग मागवावा, आणि वापरकर्त्याचा भाग त्या कर्मचाऱ्याच्याच लॉगिनमधून साध्या प्रॉम्प्टमध्ये स्वतंत्र काढावा.

अहवालात दोन याद्या असतात, लागू झालेल्या धोरणांची आणि नाकारलेल्या धोरणांची. नाकारलेल्या धोरणापुढे कारण लिहिलेले असते आणि ते कारण म्हणजे निम्मे उत्तर असते. तुमचे धोरण दोन्ही यादींत नसेल, तर ते या संगणकापर्यंत जोडलेलेच नाही. याचे सर्वांत नेहमीचे कारण असे: नव्याने डोमेनमध्ये घेतलेला संगणक आपोआप ‘कम्प्युटर्स’ नावाच्या मूळ जागेत जाऊन पडतो. ती जागा ऑर्गनायझेशनल युनिटसारखी, म्हणजे धोरण जोडता येणाऱ्या संगणक-वापरकर्त्यांच्या कप्प्यासारखी, दिसते, पण ते युनिट नव्हे, आणि तिला धोरण जोडता येत नाही. संगणक योग्य युनिटमध्ये हलवा आणि रीस्टार्ट करा.

यादीत ‘एम्प्टी’ असे कारण दिसले, तर त्या धोरणाचा तो अर्धा भाग रिकामा आहे. अनेकदा असे होते की बंधन वापरकर्त्याच्या भागात भरलेले असते आणि धोरण मात्र फक्त संगणक असलेल्या युनिटला जोडलेले असते. पेन ड्राइव्ह बंद करण्याचे धोरण दोन्ही भागांत उपलब्ध आहे, त्यामुळे त्यात ही चूक विशेष सहज होते. कोण बसते याच्याशी संबंध न ठेवता यंत्रावर बंदी हवी असेल, तर ते संगणकाच्या भागात भरावे.

‘डिनाइड (सिक्युरिटी)’ हे कारण असेल, तर परवानग्या पाहाव्या लागतात. धोरण लागू होण्यासाठी वाचण्याची आणि लागू करण्याची अशा दोन परवानग्या हव्या असतात. पूर्वी वापरकर्त्याचे धोरण वापरकर्त्याच्या नावाने वाचले जाई. मायक्रोसॉफ्टच्या जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या सुरक्षा अद्यतनानंतर ते संगणकाच्या नावाने वाचले जाते. म्हणून एखादे धोरण केवळ लेखा विभागाच्या गटापुरते ठेवण्यासाठी ‘ऑथेंटिकेटेड यूजर्स’ हा गट काढून टाकला, तर संगणकाला ते वाचताच येत नाही आणि लेखा विभागालाही ते लागू होत नाही. ‘डोमेन कम्प्युटर्स’ गटाला फक्त वाचण्याची परवानगी द्या. लागू करण्याची परवानगी लेखा विभागाच्याच गटाकडे राहू द्या. ‘डब्ल्यूएमआय फिल्टर’ असे कारण असेल, तर धोरणाला विंडोजच्या विशिष्ट आवृत्तीची वगैरे अट जोडलेली आहे आणि हा संगणक त्या अटीत बसत नाही.

सातवी पायरी: कोणी मात केली

धोरण लागू झालेल्यांच्या यादीत आहे, तरीही परिणाम दिसत नाही, असेही होते. धोरणे ठरलेल्या क्रमाने लागतात: आधी यंत्रावरचे स्थानिक, मग साइटचे (नेटवर्कवरच्या एका ठिकाणाचे), मग डोमेनचे, मग ऑर्गनायझेशनल युनिटचे, आणि युनिटमध्ये युनिट असेल तर सर्वांत आतले शेवटी. एकाच बाबतीत दोन धोरणे भिडली, तर नंतर लागणारे जिंकते. याला अपवाद ‘एन्फोर्स्ड’ अशी खूण असलेल्या धोरणाचा. ते वरच्या पातळीवर असूनही खालच्याला जुमानत नाही, आणि खाली वरून येणाऱ्या धोरणांचा वारसा अडवून ठेवलेला असला तरी आत शिरते. सविस्तर अहवालात प्रत्येक बंधनापुढे ‘विनिंग जीपीओ’ या शीर्षकाखाली जिंकलेल्या धोरणाचे नाव असते. तेथे दुसरेच नाव दिसले, की त्या धोरणाचा मालक कोण ते विचारा आणि मगच बदल करा.

आठवी पायरी: डोमेनशी नाते तुटले आहे का

गणपतीत कार्यालय आठ-दहा दिवस बंद राहिले की परत आल्यावर “संगणक फार दिवस बंद होता म्हणून डोमेन तुटले” असे सर्रास ऐकू येते. हा समज बरोबर नाही. संगणकाच्या खात्यालाही पासवर्ड असतो आणि तो साधारण ३० दिवसांनी बदलतो, हे खरे. पण तो बदलण्यासाठी पुढाकार संगणक स्वतः घेतो. यंत्र बंद असेल तर पासवर्ड तसाच राहतो आणि सुरू झाल्यावर बदलला जातो. नाते तुटते ते बहुधा जुना बॅकअप किंवा सिस्टिम रिस्टोअर वापरून यंत्र मागच्या स्थितीत नेल्यावर, किंवा त्याच नावाचा दुसरा संगणक डोमेनमध्ये घेतल्यावर. पॉवरशेल प्रशासक म्हणून उघडून ‘टेस्ट-कम्प्युटरसिक्युअरचॅनल’ द्या. उत्तर ‘फॉल्स’ आले, तर तीच आज्ञा ‘-रिपेअर’ जोडून आणि डोमेनमधील अधिकार असलेल्या खात्याने द्या. डोमेनमधून काढून पुन्हा घेण्याची घाई करू नका, आणि तसे करावेच लागले तर यंत्राच्या स्थानिक प्रशासकाचा पासवर्ड हाताशी असल्याची आधी खात्री करा, नाहीतर त्या यंत्रात शिरणेच अवघड होऊन बसते.

वरच्या माणसाकडे पाठवताना

घाटातल्या किंवा खाडीपलीकडच्या शाखा मुख्य कार्यालयाशी संथ जोडणीने जोडलेल्या असतात. वेग ५०० किलोबिट प्रति सेकंदाखाली गेला, की विंडोज मूळ मांडणीप्रमाणे ती संथ जोडणी समजते आणि सॉफ्टवेअर बसवणे व फोल्डर वळवणे मुद्दाम टाळते. सुरक्षेची धोरणे मात्र लागत राहतात. शाखेत काही धोरणे लागतात आणि काही लागत नाहीत, असे चित्र असेल तर हे आवर्जून कळवावे.

एवढ्यानेही उकल झाली नाही, तर फक्त “पॉलिसी लागत नाही” असे कळवू नका. संगणकाचे नाव, वापरकर्त्याचे खाते, बिघाड पहिल्यांदा दिसल्याची तारीख व वेळ, त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावर तोच वापरकर्ता बसला तर काय होते, ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चे उत्तर, सिस्टिम लॉगमधल्या नोंदींचे क्रमांक आणि ‘जीपीरिझल्ट’चा अहवाल, इतके सोबत जोडा. नीट चालणाऱ्या शेजारच्या संगणकाचाही अहवाल जोडला, तर दोन्ही शेजारी ठेवून फरक काढणे सोपे जाते. त्या अहवालात गटांची, खात्यांची आणि सर्व्हरची नावे असतात. म्हणून तो कार्यालयाच्या मेलनेच पाठवा, आणि काम झाल्यावर डेस्कटॉपवरची प्रत पुसून टाका.